तान्ह्या पोळ्याला दोघींनी बोलायचं

माझा आवाज निम्म्या नागपूरने ऐकलाय, पण त्या आवाजाची बाई कशी दिसते ते कोणाला ठाऊक नाही. मी बसस्टँडवर घोषणा करायचे. चौकशीच्या खिडकीमागे एक कोंदट खोली, तिच्यात टेबल, माइक, कुरकुरणारा पंखा आणि मी. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उमरेडकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे." हे एकदा म्हणायचं आणि लगेच दुसऱ्यांदा म्हणायचं. कारण पहिल्यांदा माणूस नुसते कान टवकारतो, काय म्हटलं ते त्याला दुसऱ्यांदाच कळतं. नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी एवढं एकच शिकवलं होतं आणि मी ते निवृत्त होईपर्यंत इमानेइतबारे पाळलं. घरी आपली साधी नागपुरी बोलायची, माइकचं बटण दाबलं की छापील मराठी आपोआप सुरू व्हायची. आमचे हे म्हणायचे, "घरी पण असं एखादं बटण बसवून घेऊ काय वं? नाही, बंद करायले कामी येईल."

एवढं बोलणाऱ्या बाईला भीती कसली, असं कोणालाही वाटेल. मलाही तसंच वाटायचं. मग निरोप समारंभ आला. शाल झाली, नारळ झाला, आणि कोणीतरी माझ्या हातात माइक देऊन म्हणालं, "दोन शब्द बोला." मी उभी राहिले. समोर सगळे ओळखीचेच होते, ड्रायव्हर, कंडक्टर, झाडू मारणाऱ्या मावश्या, कँटीनवाला. पण ते सगळे माझ्याकडे पाहत होते! आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात आणि समोर डोळेच डोळे. माझी बोबडीच वळली. ओठ हलले, आवाज फुटेना. साधं 'धन्यवाद'सुद्धा न म्हणता मी मटकन खाली बसले. हातातला नारळ निसटून गडगडत गेला आणि स्टेजखाली पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई भावुक झाल्या म्हणे! खरं काय ते फक्त आमच्या यांना कळलं. घरी येईपर्यंत स्कूटरवर यांचे खांदे हसून हसून हलत होते. मी मात्र हसले नाही. मला फार वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं बोलले आणि स्वतःच्या माणसांना दोन शब्द सांगता आले नाहीत.

आता अशा बाईकडे भाषणाचा क्लास कसा आला ते ऐका. नागपुरात सदर बाजाराच्या मागच्या एका गल्लीत आमची फ्लॅट स्कीम आहे. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की इथली पोट्टी जिन्यात धुडगूस घालतात. बाहेर आग ओतत असते, आईबापांना वाटतं हे कार्टं कुठेतरी कूलरसमोर बसवावं. खालच्या मजल्यावरची एक जण आली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही तर जिंदगीभर माइकवर बोलल्या. आमच्या पोट्ट्याले थोडं बोलणं शिकवा ना. शाळेत नाव विचारलं तरी हा छताकडेच पाहते." मी 'नाही' म्हणणार होते. पण तिने 'तुमच्यासारखा आवाज' वगैरे दोन-चार गोड शब्द टाकले, आणि मी बाई जातीची भोळी, हो म्हणून बसले. चार दिवसांत हॉल भरला. कोणी पाच वर्षांचं, कोणी सात, कोणी आठ, एक तर दुधाची बाटली घेऊन यायचं.

मला जे येत होतं तेच शिकवलं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आमच्याकडे जाड पडदा आहे. मुलाला पडद्याआड उभं करायचं, हातात लाटणं द्यायचं, हाच माइक. आत काय दिसतंय ते त्याने बाहेर बसलेल्यांना सांगायचं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पोह्यांची पहिली प्लेट ओट्यावर लागत आहे." बाहेर बसलेले प्रवासी टाळ्या वाजवायचे. जो मुलगा नाव विचारल्यावर छताकडे पाहायचा, त्याने पडद्याआडून असा आवाज लावला की आमच्या ह्यांच्या हातातला चहा हिंदकळला. मग मी रोज पडदा थोडा थोडा वर गुंडाळायची. आधी बाहेरच्यांना नुसते पाय दिसायचे. मग पोट दिसायचं, मग हनुवटी. एक दिवस पडदा पूर्ण वर जायचा आणि तोवर पोट्टं बोलण्यात इतकं रंगलेलं असायचं की पडदा कधी गेला ते त्याला कळायचंही नाही.

आईबाप दारात उभे राहून मधे मधे पुटपुटायचे, "हात हलव बेटा! हस थोडं! नमस्कार कर!" एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुम्ही तुमचं तोंड बंद ठेवा, म्हणजे त्याचं उघडेल." तेव्हापासून आईबापांना जिन्यापर्यंतच परवानगी होती. काही जण रुसले. रुसू दे.

शाळा सुरू झाल्या आणि आमच्या क्लासची कीर्ती पसरली, पण कशी? छताकडे पाहणाऱ्या त्या पठ्ठ्याला शाळेत झाडांवर भाषण करायचं होतं. गेला स्टेजवर, छाती काढून उभा राहिला, माइक धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." पूर्ण सभागृह चूप! मग म्हणाला, "झाडे आपले मित्र आहेत." आणि लगेच, "झाडे आपले मित्र आहेत." प्रत्येक वाक्य दोनदा. झाडे सावली देतात, झाडे सावली देतात. भाषण संपलं तेव्हा पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "आपला प्रवास सुखाचा होवो," आणि ऐटीत खाली उतरला. पाहुणे म्हणे खुर्चीतून घसरेपर्यंत हसले.

त्याची आई तणतणत वर आली. "काकू, काय शिकवून राहिल्या तुम्ही? सारी शाळा हसली!"

मी विचारलं, "तो घाबरला का?"

"नाही."

"आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला का?"

"हो, गेला."

"मग काहून ओरडून राहिली वं? प्रवासी काढून टाकणं एका दिवसाचं काम आहे. भीती काढायले महिना लागला मले."

ती दारातच उभी राहिली, मग हसली, मग आत येऊन चहा घेऊन गेली. त्या दिवशी रात्री मी पण पोट धरून हसले. शाळेतल्या बाईंनी त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं होतं, ते त्याने आणून मला दाखवलं. दोनदा दाखवलं.

याच पावसाळ्यात एक पोरगी आली. बाजूच्या गल्लीत भाड्याने राहणारी तिची आई सदरमधल्या साड्यांच्या दुकानात कामाला. माहेर कुहीकडचं, धानाची शेती असलेलं घर. पोरीला हाताला धरून उंबऱ्यात उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "काकू, घरी हे पोरगी इतकं बोलते का माझं डोकं दुखते. दाराच्या बाहेर पाय ठेवला का तोंडाले कुलूप. शाळेतल्या बाई म्हणते हिले वाचता येते का नाही तेच आम्हाले समजत नाही. नातेवाईक तोंडावर मुकी म्हणून राहिले. मले बक्षीस नाही पाहिजे, काही नाही पाहिजे. चार लोकाईसमोर हिचा आवाज मले एकडाव ऐकायचा आहे. बस."

पोरगी सात वर्षांची. दोन वेण्या, कपाळावर भली मोठी टिकली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं. तिच्या आईचे डोळे भरून आले होते. मला कोणी रडलं की काय करावं ते सुचत नाही, म्हणून मी आवाज चढवला, "रडू नको वं! माझ्याकडे आली ना, आता बोलते ती." म्हणून तर गेले, पण मनात धस्स झालं. त्या पोरीने तोंड लपवताना जे डोळे केले होते ते मी ओळखले होते.

पडद्याआड मात्र पोरगी एकदम वेगळी! पहिल्याच दिवशी तिने आमच्या स्वयंपाकघराचं असं वर्णन केलं की मला लाज वाटली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आजीच्या फोडणीच्या डब्यातली हळद सांडली आहे. आजोबांनी शेवचिवड्याचा डबा मागे लपवला आहे." आमचे हे बाहेरून ओरडले, "अबे, हे कोण सीआयडी आणली घरात?" सगळी पोट्टी खिदळली, आणि पडद्यामागून तिचं हसू ऐकू आलं. मोकळं, मोठं हसू. मला इतका आनंद झाला की मी तिला पडद्याआड जाऊन एक करंजी दिली.

पाय दिसले, ती बोलली. पोट दिसलं, बोलली. हनुवटीपर्यंत गाडी बरोबर आली. पण पडदा नाकाच्या वर गेला की शब्द जिथे असतील तिथे थांबायचे. पुन्हा खाली सोडला की अर्धं वाक्य तिथूनच पुढे सुरू. रोज तेच. बाकीची पोट्टी तिच्यानंतर येऊन पुढे गेली आणि ही तिथेच अडकली. मी चिडले, समजावलं, लाडू दिले, सगळं करून पाहिलं.

तेवढ्यात पोळा जवळ आला. आमच्या नागपुरात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांऐवजी लाकडाचे बैल, खाली चाकं लावलेले, झूल घातलेले, शिंगांना बेगड. मुलं ते दोरीने ओढत आणतात, तोरणाखाली रांग लागते, मग घरोघरी बोजारा मागत फिरतात, म्हणजे कोणी खाऊ देतं, कोणी नाणं देतं. खेड्यात पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणतात. एकाने यमकाच्या दोन ओळी बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणायच्या आणि शेवटी सगळ्यांनी मिळून हर हर महादेव करायचं. आमच्या स्कीममध्येही झडती म्हणायची पद्धत आहे, पण गेली काही वर्षं ती आईबापच म्हणतात आणि मुलं बाजूला चिप्स खात उभी राहतात. यंदा सेक्रेटरींना जोर आला. म्हणाले, "यंदा पोट्टे स्वतः बोलतील. काकूंचा क्लास आहे ना!" आणि वरून मला, "सुरुवातीला तुम्हीच चार शब्द बोलून द्या." मी म्हटलं, "मला वेळ नाही." तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निवृत्त बाईला कसला वेळ नसतो, हे त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

ती पोरगी मात्र झडतीचं ऐकून हरखली. तिच्या आजोबांनी कुहीहून तिच्यासाठी सागाचा बैल पाठवला होता, चांगला गुडघाभर उंच, बसच्या टपावरून आला होता. तिने पडद्याआडून स्वतः जुळवलेली झडती म्हणून दाखवली आणि मग आतून पडद्याचं टोक धरून ओढायला लागली.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"आजी," पडद्यामागून आवाज आला, "तुम्ही बोलता का? लोकं पाहून राहिले तर?"

गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांना ठसका लागला. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ठसका जागच्या जागी थांबला. आता हिला काय सांगावं? हो म्हटलं असतं तर तिला खरं वाटलं असतं. पण त्या पडद्यामागे काय चाललंय ते मला पक्कं माहीत होतं, आणि तिला खोटं सांगायला माझी जीभ रेटेना. मी पडदा सारून आत गेले, तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि म्हटलं, "नाही बाई. मले पण येत नाही. माझी पण अशीच फजिती होते." नारळाची गोष्ट सांगितली. नारळ गडगडला तिथे ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

मग तिने डोळे पुसले, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग आपण दोघी बोलू. आधी तुम्ही. मग मी." आणि हात पुढे केला. मी हात दिला. देऊन बसले आणि कळलं, आपण पक्क्या अडकलो. कारण आता मी बोलले नाही, तर ती बोलणार नव्हती. आणि तिची आई तिकडे दुकानात साड्यांच्या घड्या घालताना एकच आस धरून बसली होती.

पुढचे दिवस मी झोपेतही भाषण करत होते. सेक्रेटरींना सांगितलं, "मला वेळ आहे." आरशासमोर उभी राहिले, छान जमलं. यांना समोर बसवलं, वाचा गेली. "तुम्ही असे टकामका नका पाहू!" म्हटलं. यांनी डोळे मिटले. मग छान जमलं, पण थोड्या वेळाने घोरण्याचा आवाज आला. माझ्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण भाषण आणि श्रोता झोपलेला. यांना उठवून म्हटलं, "काय कळलं तुम्हाला?" म्हणाले, "झाडे आपले मित्र आहेत." मी उशी फेकून मारली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी स्कीमच्या पार्किंगमधून सगळ्या गाड्या बाहेर काढल्या होत्या. आंब्याच्या पानांचं तोरण दोन खांबांना बांधलेलं. धोतर-सदरा घातलेली पोट्टी, नऊवारीतल्या पोरी, कोणाचा बैल पावभर, कोणाचा हातभर, एकाच्या बैलाला तर त्याच्या आईने गॉगल लावला होता. आसपासच्या गल्ल्यांतले लोकही आले होते. मी नुसती गर्दी पाहिली आणि तळहात गार पडले. पोरगी आईच्या बाजूला उभी होती. हिरवं लुगडं नेसवलेलं, नाकात नथ, हातात सागाच्या बैलाची दोरी. मला पाहून ती धावत आली आणि माझं बोट धरलं. तिचाही हात माझ्याइतकाच गार होता.

सेक्रेटरींनी माझं नाव घेतलं आणि आम्ही दोघी बैलासकट त्या लहानशा लाकडी स्टेजवर चढलो. बैलाची चाकं पायरीवर अडली, बैल मी उचलून वर घेतला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग कोणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि मी समोर पाहिलं.

झालं! सगळे डोळे. पहिल्या रांगेत आमचे हे, अंगठा वर करून. मी तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. कोणीतरी मागून प्रेमाने म्हणालं, "बोला काकू, बोला!" त्याने तर अजूनच सगळं गेलं. कानात गरम गरम वाटायला लागलं. आता आपण खाली बसणार हे मला कळत होतं, आणि माझ्या बोटाला लटकलेली ही पोरगी आता कधीच पडद्याबाहेर येणार नाही हेही कळत होतं. मला रडू येत होतं. स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

तिने वर मान करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग माझं बोट सोडलं, माझ्या हातातला माइक खाली ओढला, आपल्या तोंडाशी धरला आणि गर्दीवर ओरडली.

"थांबा ना! आजीले भेव वाटून राहिलं! सगळ्यांनी तिकडे तोंड करा!"

क्षणभर कोणाला काही समजेना. एक काका हसले.

"हसू नका!" तिने पाय आपटला. नथ हलली. "फिरा म्हणते ना मी! ओ गॉगलवाल्या बैलाचे बाबा, तुम्ही पण! आजोबा, तुम्ही पण फिरा!"

आणि काय सांगू, सगळी माणसं फिरली! आधी पोट्टी फिरली, त्यांनी आपापले बैलही फिरवले. मग बाया, मग माणसं, मग आमचे हे, अंगठा तसाच वर ठेवून. सेक्रेटरीसुद्धा मान खाली घालून कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर नुसत्या पाठी आणि अंबाडे, आणि सगळ्यांचे खांदे हसण्याने हलताहेत. तिने माइक वर करून माझ्या हातात दिला. "आता बोला."

मी बोलणार तोच मला दिसलं, एक जण फिरलं नव्हतं. तिची आई. त्या सगळ्या पाठींच्या मधोमध ती एकटी आमच्याकडे तोंड करून उभी होती. एक हात तोंडावर दाबलेला आणि डोळ्यांतून धारा. तिला कोणी काय सांगितलं ते ऐकूच गेलं नसावं. ती पाहत होती, पण माझ्याकडे नाही. पोरीकडे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या पोरीने आत्ता काय केलं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

मी त्या एका चेहऱ्याकडे पाहून बोलायला लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तोंडाकडे पाहून माइकवर बोलत होते. पाठ केलेलं सगळं उडालं होतं. म्हटलं, "मी इतकी वर्षं तुम्हाला गाड्या सांगितल्या, पण तुम्ही कसे दिसता ते कधी पाहिलंच नाही. मला तुमची भीती वाटते. आज पण वाटून राहिली. पण या पोट्ट्यांना वाटू नये असं मला वाटते, म्हणून उभी आहे." आवाज थरथरत होता, पण येत होता. छापील मराठी नव्हती ती, घरचीच होती. बोलता बोलता लक्षात आलं की लोकांचं हसणं थांबलंय.

"आता फिरा!" बाजूने हुकूम सुटला. सगळे फिरले. इतके सगळे चेहरे एकदम समोर आले, आणि मी थांबले नाही. पोळ्याचं बोलले, बैलांचं बोलले, गॉगलवाल्या बैलाचं तर फार कौतुक केलं. थोडं जास्तच बोलले असेन, कारण आमचे हे घड्याळाकडे बोट दाखवायला लागले. टाळ्या झाल्या. मी वाकून पोरीसमोर माइक धरला आणि हळूच म्हटलं, "झालं माझं. आता तू बोल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फारच मंद बाई आहे. "मी तर बोलली ना आत्ता," ती म्हणाली. माइक चालूच होता. सगळ्या पार्किंगने ऐकलं.

"ते माझ्यासाठी बोलली," मी म्हटलं. "आता बैलासाठी बोल."

हे तिला पटलं. तिने दोरी ओढून बैल पुढे घेतला, लोकांकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली,

"कुहीहून आला बैल बसच्या टपावर,
चारा पाहत नाही, डोळा लाडवावर!"

लोकांनी जो हर हर महादेव केला, तो पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. मी तर बेभान ओरडले. आमच्या ह्यांनी शेजारच्या माणसाला मिठी मारली, त्याला ते ओळखतही नव्हते.

खाली उतरलो तर तिची आई तिथेच उभी होती, जागची हललीच नव्हती. तिने नुसता पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझा हात धरला आणि हमसून हमसून रडायला लागली. मलाही आवरेना. दोघी भर पार्किंगमध्ये गळ्यात पडून रडलो. पोरगी आमच्या मधे उभी राहून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. बैलाची दोरी हातात, बोजाऱ्याला उशीर होऊन राहिला म्हणून वैतागलेली.

"आई," ती म्हणाली, "काहून रडून राहिली वं? मी काही रागावली थोडी? मी तर नुसतं फिरा म्हटलं."